पुसायची चित्रं

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमंत्रणपत्रिकेत माझ्या नावाखाली ‘चित्रकार व परफॉर्मन्स आर्टिस्ट’ असं छापलंय. यातला पहिला शब्द चाळीसगावात सगळ्यांना कळतो. दुसऱ्यावरून गेल्या दिवाळीत मोठ्या मावशीने माझी चांगलीच उलटतपासणी घेतली. “नाटकमा काम करस का?” नाही. “मंग नाचस?” नाही. “मंग लोकेसमोर उभी रहीसन करस तरी काय?” मी म्हटलं, चित्र काढते आणि पुसते. मावशी क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग मुद्द्याचं विचारलं, “आनि हाई करीसन पैसा भेटस का वं माय?”

फारसा नाही भेटत. घर चालतं ते लोकांची व्यक्तिचित्रं करून, शाळांच्या नि दवाखान्यांच्या भिंती रंगवून आणि शनिवार-रविवारी मुलांचे वर्ग घेऊन. मुंबईत माझ्या ओळखीच्या बहुतेक चित्रकारांचं असंच आहे, फक्त ते सांगत नाहीत.

तरी मावशीच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवं. नाटकात नट दुसरा कुणीतरी होतो आणि पडदा पडला की परत आपला होतो. परफॉर्मन्समध्ये कलाकार जे करतो ते खरोखरच करतो. सहा तास उभं राहायचं म्हटलं तर सहा तास पाय दुखतात. तेहचिंग शेह नावाच्या तैवानच्या कलाकाराने न्यूयॉर्कमध्ये १९८०-८१ साली वर्षभर, दिवसरात्र, दर तासाला कामगारांच्या घड्याळात कार्ड पंच केलं. वर्षाचे तास ८,७६०. त्यातले त्याचे १३३ हुकले, आणि ते का हुकले याचीही नोंद त्याने ठेवली. माझे वडील गिरणीत होते. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “रात्रपाळी धरून? मग पगार कुणी दिला त्याला?” या कलाकृतीवर मी पुष्कळ वाचलंय, पण इतकं नेमकं कुणी बोललेलं आठवत नाही.

आपल्याकडे निखिल चोप्रा आहेत. त्यांचे आजोबा निसर्गचित्रं काढायचे. आजोबांवरून चोप्रांनी ‘योगराज चित्रकार’ असं एक पात्र उभं केलं, आणि त्या वेषात ते लोकांसमोर भल्यामोठ्या कापडावर दिवसचे दिवस चित्र काढत राहतात. जेवण, झोप, दाढी, कपडे बदलणं, सगळं तिथंच. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ते असे नऊ दिवस होते. आणि रुमाना हुसेन. मी मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात शिकत होते तेव्हाची गोष्ट. डिसेंबर १९९२ आणि त्यानंतरची दंगल आम्ही होस्टेलच्या खिडक्या लावून काढली होती. रुमाना हुसेन तोवर चित्रकार होत्या. त्या दंगलीनंतर कॅनव्हास त्यांना पुरेना. १९९५ साली मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात त्या पायात घुंगरू बांधून, हातात अर्धी कापलेली पपई धरून, तोंड उघडं पण आवाज नाही, अशा चालल्या. मी ते प्रत्यक्ष पाहिलं नाही, फोटोच पाहिले. या कलेचं हेच दुखणं: तुम्ही त्या वेळी तिथं नसाल, तर तुमच्या वाट्याला फोटो येतो. रुमाना १९९९ साली गेल्या, सत्तेचाळिसाव्या वर्षी.

जे.जे.मध्ये हा प्रकार पहिल्यांदा कानावर आला तेव्हा वर्गातली मुलं बिचकली. ‘काढायचं, आणि काही उरवायचं नाही, म्हणजे काय?’ मला त्यात बिचकण्यासारखं काही वाटेना, कारण मी आपल्या शाळेतून आले होते.

मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरचा तो फलक माझ्या आगेमागे शिकलेल्या सगळ्यांना आठवत असेल. जयंती, पुण्यतिथी, सण असला की चित्रकलेचे सर शाळा भरायच्या आधी येत. आधी फलक ओल्या फडक्याने दोनदा पुसायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा; घाई केली की खडू धरत नाही, चिकटतो. मग सुताला पांढरा खडू चोळून, दोन्ही टोकं ताणून, टण्णकन सूत मारायचं. त्या उभ्या-आडव्या रेघांवर चेहरा बसायचा. रंगीत खडू त्यांनी रात्रभर साखरेच्या पाण्यात भिजवून आणलेले असत. ओल्या खडूचा रंग घट्ट उतरतो आणि वाऱ्याने झडत नाही. छटा मिसळायला उजव्या हाताचा अंगठा, नाकावरचा उजेड काढायला फडक्याचं टोक. दुसरं काही सामान नाही.

आणि मागे आम्ही. घंटा व्हायची असायची, दप्तर पाठीवर, शे-दीडशे पोरं फलकाभोवती. एका चोवीस डिसेंबरला सर साने गुरुजी काढत होते. अमळनेरच्या शाळेतला मास्तर म्हणून सरांचा गुरुजींवर विशेष जीव. मागून एक कार्टं ओरडलं, “सर, नाक वाकडं झालं!” सरांनी मागे वळून खडू पुढे केला. “ये. सरळ कर.” त्याला यावंच लागलं. त्याने नाक आणखी वाकडं केलं, पोरं खिदळली, आणि सरांनी त्या वाकड्या रेघेचीच नाकाशेजारची सावली करून टाकली. त्यानंतर मागून सूचना करायला कुणी धजावत नसे; पण बघणारे कमी झाले नाहीत, वाढलेच. चित्र पूर्ण झाल्यावर बघायला फारसं कुणी थांबत नसे, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं. गर्दी असायची ती ओठ उमटत असताना.

पुढची जयंती आली की तो चेहरा जायचा. शिपाईमामा पुसायला आले की सर त्यांना थांबवत. आधी फलकाला हात जोडत, मग स्वतः पुसत. नववीत असताना एकदा त्यांनी फडकं माझ्या हातात दिलं. मी कडेच्या नक्षीपासून सुरुवात केली. सर म्हणाले, “डोळ्यांपासून पूस. नाहीतर शेवटी डोळेच उरतात, आणि मग हात चालत नाही.” एलिमेंटरी-इंटरमीजिएटला त्यांनी आमच्याकडून वस्तुचित्र, स्मरणचित्र, अक्षरलेखन घोटून घेतलं, त्याबद्दल त्यांचे आभार सगळेच मानतील. मला खरी शिकवण त्या फडक्याची मिळाली.

आता दुसऱ्या माणसाबद्दल लिहिते. त्यांनी मला कधी शिकवलं नाही, मी त्यांच्याशी कधी बोललेही नाही. स्टेशनजवळचा केकी मूसांचा बंगला. १९१२ साली मुंबईत जन्मलेला हा पारशी माणूस इंग्लंडात कला शिकून आला आणि चाळीसगावच्या त्या घरात जवळजवळ अर्धं शतक जो राहिला, तो बाहेर पडलाच नाही म्हटलं तरी चालेल. फोटोग्राफी, त्यातही टेबलावर लहानसहान वस्तू मांडून उभी केलेली दृश्यं. शिवाय चित्रं, लाकूडकाम, सतार. देशोदेशीची बक्षिसं त्या बंद दारावर पोस्टाने यायची. पंजाब मेलने प्रेयसी येणार होती आणि गाडीच्या वेळेला ते रोज रात्री दार उघडून बसतात, ही कथा आम्हा पोरींना पाढ्यांसारखी पाठ होती. खरी किती, देव जाणे. १९८९ च्या ३१ डिसेंबरला ते गेले, तेव्हा माझं दहावीचं वर्ष होतं.

मुंबईतल्या माझ्या एका स्नेह्याला मी ही कथा सांगितली. तो एकदम खूश. म्हणाला, अरे, हा तर जगातला सगळ्यात लांब परफॉर्मन्स! मला ते अजिबात पटलं नाही, अजूनही पटत नाही. शेहने वर्षाचा करार आधी लिहून काढला होता आणि लोकांना कळवला होता. मूस दार उघडत असतील, तर कुणी येईल म्हणून उघडत असतील, कुणी बघावं म्हणून नव्हे. माणसाच्या वाट बघण्यावर आपला शिक्का मारायची आम्हा कलाकारांना खोड आहे. त्यांची कला त्यांच्या फोटोंमध्ये आहे, तिथंच ती शोधावी. आणि ते फोटो त्यांनी जपले. म्हणून आज त्या घरात जाऊन बघता येतात.

एकाच गावात एक माणूस चारचौघांत काढून पुसत होता आणि दुसरा एकांतात करून जपत होता. सरांना मी एकदा विचारलं होतं की तुम्ही मूसांसारखं घरी बसून मोठं चित्र का काढत नाही. खडूची भुकटी झटकत म्हणाले, “घरी जागा कुठे आहे?” त्यात कडवटपणा होता की नाही, हे मी पुष्कळ वर्षं ठरवत राहिले. मला वाटतं, थोडा होता.

माझं एक काम सांगते. मुंबईत गिरणगावातल्या एका जुन्या इमारतीत मी भिंत काळी रंगवली आणि खडू घेऊन उभी राहिले. येणाऱ्याने अशा माणसाचा चेहरा तोंडी सांगायचा, ज्याचा फोटोच नाही. बहुतेकांना आजी आठवली. त्या पिढीतल्या बायकांचे फोटो काढतो कोण! कपाळ केवढं, गोंदण कुठे, दात पडल्यावर गाल कसे बसले, ते सांगत आणि मी काढत जाई. “थोडी हनुवटी पुढे... नाही, एवढी नाही...” करत करत एका क्षणी समोरचा म्हणे, “हां. हीच.” तेव्हा मी फडकं उचलायची. डोळ्यांपासून.

लोक चिडले. एका बाईंनी माझा हात धरला आणि सोडेनात. फोटो काढू का, असं सगळ्यांनीच विचारलं. मी नको म्हणायची. पण एक म्हातारे गृहस्थ, कोकणातले, आईचा चेहरा पुसला गेल्यावर शांतपणे म्हणाले, “आता मला दिसते. मघापर्यंत आठवतच नव्हती.” त्यांच्यासाठी तरी ते काम सार्थकी लागलं. कलादालनाच्या माणसाची पंचाईत वेगळीच होती: विकायचं काय? शेवटी त्याने संध्याकाळी फडकं पिळलेल्या पाण्याची बादली मागितली. ते राखाडी पाणी बाटल्यांत भरून, सही करून विकू या म्हणाला. मी बादली मोरीत ओतली. महिन्याचं भाडं निघालं असतं, हे मान्य आहे.

या कामाला खानदेशातला प्रेक्षक मुंबईच्या प्रेक्षकापेक्षा जाणता आहे, असं माझं पक्कं मत आहे. माणसांनी लदलेल्या, एकामागे एक जुंपलेल्या बारागाड्या भगत ओढतो, तेव्हा ‘याचा अर्थ काय’ असं यात्रेत कुणी विचारत नाही. रात्रभर वही, म्हणजे गाऊन सांगितलेल्या लोककथा, ऐकणारे लोक आहेत हे. मावशीनेसुद्धा अर्थ विचारला नाही, पैसा विचारला.

महोत्सव समितीने सभागृहासाठी सरांचं तैलचित्र मागितलं आहे. ते मी करून देते. सरांच्या घरच्यांनी फोटो पाठवला आहे आणि कॅनव्हास ताणून तयार आहे. पण समारंभाच्या सकाळी मला मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरचा तो फलकही हवा आहे. साडेसातला येईन. खडू आदल्या रात्री भिजवून आणीन. फडकं, बादली आणि एक भक्कम स्टूल शाळेने द्यावं. चित्रावर काच बसवायचा किंवा स्प्रे मारायचा विचार कुणी करत असेल तर कृपया करू नये, आणि सध्याच्या चित्रकला शिक्षकांना पुढच्या जयंतीला फलक लागेल तेव्हा त्यांनी मला न विचारता पुसावा. मागे उभं राहून सूचना करायला सर्व बॅचना मोकळीक आहे. खडू तेवढा हातात घ्यावा लागेल.