एकसारखं नको, पण जुळणारं

नव्या बाळासोबत घरातल्या सगळ्यांचे फोटो काढायचे ठरले, आणि फोटोग्राफरचा निरोप आला, चार ओळींचा. कपडे साधे ठेवा. छातीवर मोठी अक्षरं, चित्रं नकोत. बारीक रेघा आणि चौकडी टाळा. आणि शेवटची ओळ, 'सगळ्यांनी एकसारखं घालू नका, पण जुळणारं घाला.' ही शेवटची ओळ मी मोठ्यानं वाचली, तिथेच चुकलं.

"म्हणजे नेमकं काय?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणजे सगळ्यांनी एका रंगाचं नको, पण एकमेकांशेजारी शोभेल असं."

"आणि शोभतंय की नाही, हे कोण ठरवणार?"

प्रश्न रास्त होता आणि उत्तर कुणाकडेच नव्हतं. बाळ दहा दिवसांचं होतं. असे फोटो पहिल्या दोन आठवड्यांत काढून घ्यावेत म्हणतात, कारण तेव्हा बाळ गाढ झोपतं आणि हातपाय पोटाशी घेऊन मुटकुळं करून ठेवलं तरी कुरकुरत नाही. बाळ गाढ झोपत होतं हे खरं, पण दिवसा. त्यामुळे माझी झोपेशी फारकत झालेली, आणि त्या अवस्थेत मी पलंगावर पाच माणसांचे कपडे मांडून रंगसंगती ठरवत होते.

नवऱ्यानं त्याचा आवडता निळा शर्ट आणला. लांबून निळा, जवळून बघावं तर निळ्या-पांढऱ्या बारीक रेघा. नेमक्या याच टाळायच्या होत्या. का, ते मी आधीच वाचून ठेवलं होतं. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रकाश टिपणाऱ्या ठिपक्यांची जाळी असते. शर्टाच्या रेघांची दुसरी जाळी तिच्यावर पडली, की दोन्हींतून तिसरंच काहीतरी उगवतं. शर्टावर नसलेल्या लाटा आणि कधी कधी इंद्रधनुष्यी डाग. दोन मच्छरदाण्या एकावर एक धरून जराशा सरकवल्या की दिसतात ना, तशा. याला म्वारे म्हणतात, आणि गंमत म्हणजे हे नाव मुळात कापडाचंच आहे, पाण्याच्या लाटांसारखी चमक मारणाऱ्या रेशमी कापडाचं. नवऱ्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण इस्त्री केलेला हा एकच आहे."

मोठ्या मुलीनं पोपटी फ्रॉक निवडला. तो ती झोपतानाही घालते. पोपटी रंगाशी माझं वैर नाही, पण भडक रंग अंगावर गप्प बसत नाही, तो शेजारच्यावर उडतो. ताईनं बाळाला मांडीवर घेतलं की बाळाची हनुवटी पोपटी होणार. हिरवळीवर लोळून काढलेल्या फोटोंत माणसं किंचित आजारी दिसतात, तेही यामुळेच. त्यातून नव्या बाळाची कातडी पातळ, आणि अनेक बाळांच्या अंगावर पहिले काही दिवस काविळीची पिवळसर छटा असते. म्हणजे पिवळा रंग तर मुळीच नको. हे वाक्य मी त्या दिवशी इतक्या वेळा म्हटलं, की मुलीनं त्याला चाल लावली.

"मग सगळे पांढरे घाला," सासूबाई म्हणाल्या. "वादच नको."

पण पांढऱ्याचीही कटकट आहे. कॅमेरा स्वतःहून उजेड मोजतो तेव्हा समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी असणार, असं धरून चालतो. समोर सगळे पांढऱ्यात उभे राहिले, की तो दचकून उजेड कमी करतो आणि पांढरा मळकट निघतो. सगळे काळ्यात असले की उलट. काळा विटका आणि चेहरे पांढरेफटक. जाणता फोटोग्राफर हे हातानं सावरून घेतो. मोबाइल घेऊन पुढे आलेला मामा घेत नाही.

सासरे आतून आले. अंगात तपकिरी स्वेटर. "मी हा घालणार आहे," एवढंच बोलले आणि परत आत गेले.

त्यानंतर काम सोपं झालं. रंग जुळवायला बसताना सगळ्यात सुंदर कपड्यापासून सुरुवात करू नये, जो माणूस हटणार नाही त्याच्यापासून करावी, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे. तपकिरी मध्ये ठेवला. त्याच्या एका बाजूला साईसारखा पांढरा, दुसऱ्या बाजूला धुवून धुवून मवाळ झालेला निळा. मग पलंगावरच्या त्या सगळ्या पसाऱ्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि काळा-पांढरा करून पाहिला. रंग काढून घेतले की कोण किती गडद आहे ते खरं कळतं. पोपटी फ्रॉक आणि तपकिरी स्वेटर, ज्यांचं रंगीत फोटोत हाडवैर होतं, ते तिथे मात्र राखाडीच्या दोन पायऱ्यांवर गुण्यागोविंदानं बसले होते.

शेजारच्या रंगामुळे एखादा रंग वेगळा का दिसतो, याचा छडा एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं लावला. मिशेल शेव्रल हे पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाईचे प्रमुख होते. तिथे भिंतीवर टांगायचे चित्रांचे पडदे विणले जात. तक्रार आली की तुमचा काळा धागा काळा दिसत नाही. त्यांनी रंग तपासला, सूत तपासलं. काळ्यात काही खोट नव्हती. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणला, की तो आपोआप फिका वाटायचा. दोष शेजाराचा! यावरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ १८३९ मध्ये निघाला, आणि त्याच वर्षी, त्याच पॅरिसमध्ये, डागेरची फोटो काढण्याची रीत जगापुढे आली. पुढे १८८६ मध्ये शेव्रल शंभर वर्षांचे झाले तेव्हा नादार नावाच्या प्रसिद्ध फोटोग्राफरनं त्यांच्याशी गप्पा मारल्या आणि त्याच्या मुलानं गप्पा चालू असतानाच त्यांचे फोटो काढले. आयुष्यभर रंगांचा शेजार तपासलेल्या माणसाचे ते फोटो अर्थातच काळे-पांढरे.

काळ्या-पांढऱ्यावरून सासूबाईंना आठवलं आणि त्यांनी जुना अल्बम काढला. त्यात त्या आणि त्यांची धाकटी बहीण, दोघी फ्रॉक घालून ताठ उभ्या. दोन्ही फ्रॉक अगदी एकाच ताग्यातले वाटतात.

"छे गं, माझा लाल होता आणि हिचा हिरवा. त्यावरून भांडून आम्ही रडलो होतो."

फोटोत मात्र लाल आणि हिरवा एकाच करड्या रंगात मिटले होते. काही न जुळवता जुळलेले. त्या दोघींचं भांडण फिल्मनं परस्पर मिटवून टाकलं होतं.

त्याही मागचे फोटो तर आणखी लहरी. तेव्हा फिल्मऐवजी लेप दिलेल्या काचेवर फोटो काढत, आणि सुरुवातीच्या त्या काचांना फक्त निळा-जांभळा उजेड आणि डोळ्यांना न दिसणारा अतिनील, एवढाच कळायचा. लाल त्यांच्या लेखी अंधार. त्यामुळे निळा झगा पांढरा निघायचा, लाल झगा काळा, आणि गालांवरचे तांबूस ठिपके शाई सांडल्यासारखे. १८७३ मध्ये फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाला आढळलं, की काचेवरच्या लेपात ठरावीक रंगद्रव्य मिसळलं तर तिला हिरवाही दिसू लागतो. सगळेच रंग ओळखणाऱ्या काचा बाजारात यायला १९०६ साल उजाडलं. तोवर फोटोसाठी नटताना आरशाला विचारून उपयोग नव्हता, काचेला विचारावं लागे.

आणि रंगीत फोटोचा पहिला मान कुणाला मिळाला? कापडालाच. १८६१ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञानं लंडनच्या एका व्याख्यानात चौकडीची एक फीत पडद्यावर रंगीत दाखवली. लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून, म्हणजे फिल्टरमधून, तिचे वेगवेगळे फोटो घेऊन ते एकावर एक टाकले होते. पण तेव्हाच्या काचेला लाल दिसतच नव्हता, मग फितीतला लाल उमटला कसा? याचं उत्तर शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये मिळालं. त्या लाल कापडातून अतिनील प्रकाशही परावर्तित होत होता, आणि काचेनं टिपला तो हा अतिनील. दुसरी एखादी फीत निवडली असती तर प्रयोग फसला असता. कपड्याच्या निवडीत नशिबाचा वाटा किती, हे मला तेव्हापासून कुणी समजावून सांगावं लागत नाही.

कपडे ठरले, मग वस्तू. फोटोग्राफर त्यांना प्रॉप म्हणतात. टोपल्या, लाकडी पाळणे, लोकरीची टोपडी, कापडी चंद्र, पंख. १९९० च्या दशकात ऍन गेडेस या फोटोग्राफरचे फुलांच्या कुंड्यांतून डोकावणाऱ्या बाळांचे फोटो जगभर दिनदर्शिकांवर आणि शुभेच्छापत्रांवर पोचले, आणि तेव्हापासून बाळाला कशात तरी ठेवल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. मला पंख आवडत नाहीत. पंख लावलेलं, टोपडं कपाळापर्यंत ओढलेलं, टोपलीत झोपवलेलं बाळ गोड दिसतं, पण ते कुणाचंही असू शकतं. नमुन्यादाखल दाखवलेल्या फोटोंत तीच टोपली आणि तेच पंख घेऊन सात बाळं होती. आठवं आपलं, एवढाच काय तो फरक.

दोन तळहातांवर हनुवटी टेकवून विचारमग्न झोपलेल्या बाळाचा फोटो तुम्ही पाहिला असेल. तो एक फोटो नसतो. नवजात बाळ मान धरत नाही, मग हनुवटी कुठली टेकवणार? एका फोटोत मोठ्या माणसानं डोकं धरलेलं असतं, दुसऱ्यात मनगटं, आणि मग दोन्ही जोडून माणसाचे हात पुसून टाकलेले असतात. हे माहीत नसताना घरी तसं करायला जाऊ नये म्हणून सांगितलं.

हात पुसण्याची युक्ती नवी, पण हेतू जुना. एकोणिसाव्या शतकात एका फोटोसाठी कित्येक सेकंद निश्चल बसावं लागे, आणि बाळाला निश्चल कोण बसवणार? मग आईच्या डोक्यावरून पायापर्यंत चादर किंवा पडदा टाकत, तिची खुर्ची करत आणि तिच्या मांडीवर बाळाला ठेवून फोटो काढत. असे कितीतरी फोटो आज जपलेले आहेत. बाळ ठसठशीत, आणि मागे खांद्यांचा उंचवटा असलेलं एक संशयास्पद फर्निचर. लोकांना ते फोटो भयंकर वाटतात. मला मात्र त्या आठवड्यात कुणी चादर टाकली असती तर मी बसल्या जागी निवांत झोपले असते.

झबलं गुलाबी की निळं, यावर आमच्याकडे वाद झाला नाही, कारण फ्रँकलिन रूझवेल्ट. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले हे गृहस्थ १८८४ मधल्या फोटोत अडीच वर्षांचे आहेत. लांब केस, पांढरा झगा, मांडीवर पिसाची टोपी. तेव्हा मुलगा असो की मुलगी, झगाच. पांढरा असला की उकळून स्वच्छ करता येई. तो फोटो दाखवला आणि विषय संपला.

वस्तूंचा विचार मात्र मी बराच केला, आणि पोचले ते पुन्हा शेजाराशीच. फोटोत रंग असतो, पण माप नसतं. बाळ जेमतेम पन्नास सेंटीमीटरचं, पण मोकळ्या चादरीवर एकटं झोपवलं तर ते किती इवलं आहे हे फोटोत कळतच नाही. चार महिन्यांचंही वाटू शकतं. शेजारी ओळखीचं काहीतरी लागतं. लेकीनं स्वतःची बाहुली आणून ठेवली, तर बाहुली बाळापेक्षा मोठी निघाली. ती बघतच राहिली. दोन दिवसांपूर्वी घरात 'मोठं कोण' यावर तिचं काही म्हणणं असावं, ते तिनं मागे घेतलं. मी यादीतून टोपली, चंद्र, पंख सगळं खोडलं आणि लिहिलं: बाहुली, बाबांचा बूट, आजोबांचा तळवा.

प्रत्यक्ष दिवशी खोली उबदार ठेवली होती. बाळ उघडं असताना गारठू नये म्हणून तशी ठेवावीच लागते. त्यामुळे सासरे स्वेटरात घामाघूम झाले, पण स्वेटर निघाला नाही. नवरा बिनरेघांच्या निळ्यात होता, आणि इस्त्री नसल्यामुळे हात पाठीमागे बांधून उभा होता. मुलगी साईच्या पांढऱ्यात, कपाळावर आठ्या. बाळाला साईच्याच रंगाच्या दुपट्यावर ठेवलं. त्यानं ते भिजवलं. दुसरं, फिकट निळं, आणलं. तेही भिजवलं. तिसरं आणलंच नव्हतं. पिशवीच्या तळाशी रोजच्या वापरातलं एक दुपटं निघालं. मोहरीसारखं पिवळंजर्द, त्यावर चौकडी, एक कोपरा विटलेला.

फोटोग्राफरनं त्या पिवळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मुलगी चालीवर गुणगुणली, "पिवळा तर मुळीच नको, मुळीच नको." आजोबांच्या तळव्यावर बाळाचं डोकं, खाली ते दुपटं. बाळ झोपलं होतं. दुसरा इलाज नव्हता.

गाल पिवळे आलेच. मग कॉम्प्युटरवर पिवळा कमी करून घेतला, तर स्वेटरचा तपकिरी जांभळट राखाडीकडे झुकला. फ्रेम भिंतीवर लागली तेव्हा सासरे चष्मा लावून बराच वेळ समोर उभे होते. "हा स्वेटर माझा नाही," म्हणाले.

याला आता चार वर्षं झाली. त्या दुपट्याची चौकडी जवळजवळ पुसली गेली आहे, एक कोपरा चघळून चघळून कडक झाला आहे, आणि ते धुतलं की वाळेपर्यंत घरात सुतक असतं. परवा धाकट्यानं खुर्ची ओढून फ्रेमसमोर लावली, वर चढला आणि काचेला नाक लावून पाहिलं.

"हे बाळ कोण?"

"तू."

त्यानं मान हलवली. पटलेलं नव्हतं. पुन्हा नाक लावलं आणि काचेवर बोट ठेवून एकदम रडकुंडीला आला.

"मग माझं दुपटं त्याला का दिलंत?"