मिटलेली चीर

केबिनचा दरवाजा नीट लागत नाही, एवढीच तक्रार होती. ड्रायव्हर म्हणाला, “मिस्त्री, गाडी रिकामी असली की झटक्यात लागतो. माल भरला की अडतो.” म्हणजे भाराने खालची चेसिसच वाकत असणार. हे ऐकून मी बिजागऱ्या पाहिल्याच नाहीत, थेट गाडीखाली शिरलो.

ट्रकची चेसिस म्हणजे पोलादाचे दोन लांब बीम आणि त्यांना धरून ठेवणारे क्रॉस मेंबर. बीमचा आकार इंग्रजी सी अक्षरासारखा. उभी बाजू वेब, वरच्या-खालच्या कडा फ्लँज. एक चाक खड्ड्यात गेलं की ही चौकट पिळते आणि परत सरळ होते. ती तशीच बनवलेली असते. माल भरला की दोन ॲक्सलच्या मधे खालची फ्लँज ताणली जाते, वरची दाबली जाते. सगळ्यात जास्त ताण या कडांवर. म्हणून फ्लँजला भोक पाडू नका, वेल्डिंग करू नका, असं सर्व्हिस मॅन्युअल बजावतात.

इथे कुणीतरी जादा मालासाठी खालच्या फ्लँजला जाड पट्टी वेल्ड केली होती, टोकं काटकोनात कापलेली. पट्टी संपते तिथेच रंगातून गंजाची तांबूस रेघ डोकावत होती. गाडी रिकामी, त्यामुळे चीर मिटलेली, नखालाही लागेना. रंग खरवडून लाल डाय, म्हणजे चिरेत मुरणारा पातळ रंग, मारली, मुरू दिली, पुसली आणि चिरेतला रंग वर ओढून दाखवणारा पांढरा डेव्हलपर फवारला. लाल रेघ फ्लँजभर उमटली आणि कोपरा ओलांडून वेबमध्ये चढलेली दिसली. माझ्या पोटात गोळा आला. हीच गाडी भरून पळत होती!

मालक फोनवर म्हणाले, “वेल्डिंगचा टाका मारा आणि सोडा, रात्री लोडिंग आहे.” मी नाही म्हटलं. नुसत्या टाक्याशेजारचं तापलेलं पोलाद कमजोर होतं आणि नवी चीर तिथूनच निघते, हे मी अनेकदा पाहिलंय. फोटो पाठवले तेव्हा ते तयार झाले.

चेसिस जॅकवर सरळ धरली, बॅटरी सोडवली, पट्टी ग्राइंडरने उतरवली. चिरेच्या टोकाला भोक पाडलं, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग खाच करून लो-हायड्रोजन वेल्डिंग रॉडने भरली, घासून सपाट केली. आतून एल आकाराची प्लेट बसवली, बोल्ट फक्त वेबमधून. तिची टोकं मुद्दाम तिरकी ठेवली. कडकपणा एकदम तुटला की ताण नेमका तिथे गोळा होतो.

मालकांच्या आणखी गाड्यांना अशाच पट्ट्या होत्या. त्या सगळ्या रिकाम्या करून आणायला सांगितल्या आणि डायचे जादा कॅन मागवून ठेवले.