न्यूर्नबर्ग: तट, विहीर आणि घड्याळ

आज जर्मनीतल्या न्यूर्नबर्गचा तट पालथा घातला, पायांचा पार भुगा! १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जुनं शहर बेचिराख झालं होतं, पण बरंचसं पुन्हा जसंच्या तसं उभं केलंय. मानलं बुवा.

कैसरबुर्ग किल्ल्याच्या विहिरीत गाइडबाईंनी पाणी ओतलं. सगळे कान टवकारून उभे. खाली पोचायला केवढा वेळ! जवळपास ५० मीटर खोल, तीही खडकात.

दुपारी १२ ला फ्राउएनकिर्ख चर्चच्या घड्याळातल्या सात इलेक्टरांच्या (म्हणजे सम्राट निवडणाऱ्या मानकऱ्यांच्या) बाहुल्या सम्राट चौथ्या कार्लभोवती फिरल्या. खाली मोबाइलांचं जंगल. हे चर्च मात्र १३४९ च्या ज्यू हत्याकांडात पाडलेल्या सिनगॉगच्या (ज्यू प्रार्थनास्थळाच्या) जागी उभं आहे, आणि पाडापाडीला परवानगी याच कार्लची. व्हिडिओ स्टेटसला ठेवावासा वाटेना.