तुम्ही विचारलंत म्हणून: घोडा लांब पल्ल्याला कधी तयार होतो?

दत्तजयंतीला सारंगखेड्याची घोडेबाजाराची यात्रा झाली की मला दरवर्षी हाच प्रश्न येतो, घोडा घेतलाय, शहाद्याहून तोरणमाळच्या डोंगरावर कधी नेऊ? मी म्हणतो पुढच्या यात्रेनंतर. समोरचा नाराज होतो, कारण त्याचा घोडा तर अंगणात नाचतोय.

फसगत तिथंच होते. रोज नीट काम दिलं तर दोन-तीन महिन्यांत घोड्याचा दम वाढतो, अंग भरतं, पण पायाच्या नसा (रक्ताच्या नव्हे, स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, म्हणजे कंडरा) पक्क्या व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं आणि हाडांना त्याहून जास्त. माझ्या काठेवाडी घोडीचं मीच असं केलं, तिसऱ्याच महिन्यात घाटात नेली, चढताना इतकी छान चालली की मी खूश, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या डाव्या पायाला गुडघ्याखाली मागच्या बाजूने हात लावला तर नस गरम आणि जाडसर. लंगडत नव्हती, पण आठ महिने गेले तिचे. आजही तिथं बोट फिरवलं की गाठ लागते. वडील एवढंच बोलले, "पहिले पाय देख, भो."

आता पहिला दीड महिना मी नुसती चालच देतो, मग थोडी थोडी दुडकी. आधी अंतर वाढवायचं, वेग नंतर, दोन्ही एकदम कधीच नाही. पावसात काळ्या मातीचा चिखल टाळा, पाय ओढून काढताना सगळा ताण नसेवर येतो. मे महिन्यात आपल्याकडे पहाटेच काय ते काम, आणि घामातून मीठ खूप जातं म्हणून खुराकात मीठ हवंच.

उतरल्यावर जबड्याच्या आतल्या कडेला बोट ठेवून नाडी बघा, 15 सेकंद मोजून चारने गुणा. निवांत उभ्या घोड्याची 28 ते 44 असते. एन्ड्युरन्स म्हणजे लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीच्या स्पर्धेत बहुतेक ठिकाणी ती 64 पर्यंत खाली उतरल्याशिवाय डॉक्टर पुढे सोडत नाहीत, मीही घरी तेच धरतो, पंधरा मिनिटांत तेवढी उतरली नाही तर त्या दिवशी काम जास्त झालं, उद्या सुट्टी.

आणि रोज खोगीर चढवायच्या आधी दोन्ही हात दोन पायांवर एकाच वेळी फिरवा, डावा-उजवा सोबत, म्हणजे कुठला गरम आहे ते लगेच कळतं.