परराज्यात पहिल्यांदा टर्कीच्या शिकारीला जाताना

शिकारीची आवड लागलेली अमेरिकेतली मराठी मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात : "आपल्या राज्यात शिकलो, आता रानटर्कीसाठी दुसऱ्या राज्यात जायचंय. बंदूक कुठली घेऊ?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, बंदुकीची पाळी बरीच उशिरा येते. आधी परवाना, मग जमीन, मग बंदूक. परवाने संपून गेले असतील तर हातातली बंदूक कितीही चांगली असली तरी उपयोग नाही.

उदाहरण म्हणून नेब्रास्काचा वायव्य कोपरा घेऊ. चॅड्रन आणि क्रॉफर्ड या गावांजवळच्या पाइन रिजमध्ये पाँडेरोसा पाइनच्या टेकड्या आहेत. तिथे मेरियम जातीची टर्की मिळते, शेपटीच्या टोकाला पांढरट पट्टी असलेली. हे पक्षी मूळचे तिथले नव्हेत. १९५९ मध्ये बाहेरून आणून सोडले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतली रानटर्की जवळजवळ संपली होती. ती परत वाढली त्यामागे शिकाऱ्यांच्या परवान्याचा पैसा आहे आणि बंदुका-काडतुसांवरचा कर आहे, जो १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने वन्यजीवांकडे वळवला. अलीकडे अनेक राज्यांत टर्कीची संख्या पुन्हा घसरते आहे, म्हणून नियम आवळले जाताहेत. नेब्रास्काने वसंत हंगामात एका शिकाऱ्यामागे दोनच पक्षी ठेवले आणि परराज्यातल्यांसाठी परवान्यांवर १०,००० ची मर्यादा घातली. शिकार एप्रिल-मेमध्ये असली तरी परवान्याचं काम जानेवारीतच उरकायचं. काही राज्यांत तर सोडत असते. टर्कीच्या परवान्यासोबत हॅबिटॅट स्टॅम्पही (वन्यजीवांच्या अधिवासासाठीचं वेगळं शुल्क) लागतो, तो विसरू नका. हंटर एज्युकेशनचं, म्हणजे शिकारीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र राज्यं एकमेकांचं मान्य करतात, पण हरवलेलं असेल तर प्रत काढायला वेळ जातो.

एच-वन किंवा एल-वन या कामाच्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. अशा व्हिसावर बंदूक बाळगायला संघराज्याच्या कायद्याने एरवी मनाई आहे. चालू मुदतीचा शिकार परवाना असेल तर सूट मिळते. परवान्याची मुदत संपली की सूटही संपते, आणि कपाटातली बंदूक त्या दिवसापासून बेकायदा ठरते. शिवाय राज्याचे वेगळे नियम असतातच. ग्रीन कार्ड असलेल्यांना संघराज्याची ही अट लागू नाही.

जमीन घरी बसूनच शोधायची. पाइन रिजमध्ये राष्ट्रीय वनाची सार्वजनिक जमीन आणि रँचवाल्यांची खासगी जमीन एकमेकींत गुंतलेली आहे. नेब्रास्कात खासगी जमिनीवर मालकाची परवानगी लागते, पाटी असो वा नसो. हद्दी दाखवणारं ऑनएक्ससारखं ॲप घ्या आणि नकाशे फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण दऱ्यांत फोनची रेंज जाते. उपग्रहचित्रावर तीन गोष्टी जवळजवळ कुठे येतात ते बघा : ओढा, मोकळं गवत आणि रातथाऱ्याला (टर्कीला रात्री बसायला) योग्य अशी मोठी, आडव्या फांद्यांची झाडं. अशा चार-पाच जागा हाताशी ठेवा. पहिल्या जागी दुसऱ्याची गाडी उभी दिसली तर मुकाट्याने पुढच्या जागी जायचं. पाऊस झाला की तिकडच्या मातीच्या रस्त्यांचा असा चिकट चिखल होतो की भाड्याची साधी मोटार अडकून बसते, म्हणून एखादी जागा पक्क्या रस्त्यालगतची असू द्या.

आता बंदूक. छर्ऱ्यांची बंदूक, बारा किंवा वीस बोअर (नळीचं माप), दोन्ही चालतात. प्रश्न आहे तो तुमच्या नळीतून, तुमच्या चोकमधून (नळीच्या तोंडाचा आवळलेला भाग), तुमचं काडतूस छर्रे कसे पसरवतं याचा. टर्कीच्या डोक्यावर आणि मानेवरच नेम धरायचा असतो. अंगावर मारलेले छर्रे पिसांत आणि छातीच्या स्नायूंत अडकतात. पक्षी जखमी होऊन पळतो आणि कुठेतरी झुडपात मरतो. हे टाळायची जागा रान नव्हे, नेमबाजीची रेंज.

तीन फुटी कागद लावा, मधोमध ठळक खूण करा. आधी हलकी, स्वस्त काडतुसं २० यार्डांवरून झाडून छर्ऱ्यांचा मध्य खुणेवर येतो का ते बघा. मग टर्कीचं काडतूस ४० यार्डांवरून मारा. १० इंची वर्तुळात १०० छर्रे भरले तर ती तुमची हद्द. कमी भरले तर ३० यार्डांवर या आणि तीच हद्द माना. शिशाचे चार, पाच किंवा सहा नंबरचे छर्रे रूढ आहेत. टंगस्टनचे नऊ नंबरचे छर्रे बारीक असूनही शिशापेक्षा खूप जड, त्यामुळे लांबवर भेदतात. पण महाग आहेत आणि त्यांना चालणारा चोकच हवा, नाहीतर चोक-नळीला इजा होते. कंपनी बदलली की पसारा बदलतो, म्हणून जे काडतूस तपासलं फक्त तेच न्यायचं. १० यार्डांवरूनही एकदा मारून बघा. छर्रे मुठीएवढ्या जागेत जातात. जवळ आलेली टर्की हुकते ती यामुळेच. दुसरं कारण म्हणजे पक्षी बघायला गाल दस्त्यावरून उचलला जातो आणि बार वरून जातो. उभं राहून सराव करू नका. जमिनीवर बसून, गुडघे वर घेऊन, उजव्या हाताने मारत असाल तर डावा खांदा लक्ष्याकडे ठेवून करा. रानात तसंच बसायचंय.

टर्कीला बोलावणारा आवाज काढायच्या साधनाला 'कॉल' म्हणतात. नवख्याने स्लेटचा पॉट कॉल घ्यावा, म्हणजे काडीने घासून वाजवायची चकती. मादीची साधी साद आणि तुटक 'क्लक' एवढं जमलं तरी पुरे. पावसात लाकडी बॉक्स कॉल मुका होतो. तोंडात धरून वाजवायचा डायफ्रॅम कॉल चालतो, पण तो जमायला आठवडे लागतात. नराचा 'गॉबल' काढणारा कॉल सार्वजनिक जमिनीवर वापरूच नका, दुसरा शिकारी तुमच्यावरच येतो. त्याच कारणाने लाल, पांढरा, निळा रंग अंगावर नको, मोज्यांवरसुद्धा : नराच्या डोक्याचे रंग तेच. खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याला पाठ लावून बसा. कुणी येताना दिसला तर हात हलवू नका, खणखणीत आवाजात बोला. डिकॉय (नकली टर्की) आणि मारलेला पक्षी नारिंगी पिशवीतून न्या.

आदल्या संध्याकाळीच पोचून टेकडीवर कान देऊन उभे राहा. नर रातथाऱ्यावर चढल्यावर ओरडतो. पाइन रिज माउंटन टाइम या वेळपट्ट्यात आहे, पूर्व नेब्रास्का सेंट्रलमध्ये, तेव्हा घड्याळ तपासा. एप्रिलच्या मध्यात तिथे सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि बार टाकायची मुभा त्याआधी अर्ध्या तासापासून असते. पाचच्या आत बुंध्याशी बसलेले असा, रातथाऱ्यापासून शंभरेक यार्डांवर. त्याहून जवळ गेलात तर पक्षी उठतात. त्या दिवसांत बर्फही पडू शकतो. न हलता बसायचं तर बुडाखाली जाड गादी हवी.

विमानाने जाताना बंदूक रिकामी, कडक पेटीत, कुलूप लावून, फक्त चेक-इन सामानात आणि काउंटरवर सांगून. काडतुसं मूळ खोक्यात, साधारण ११ पौंडांपर्यंत. मोटारीने गेलात तर बंदूक रिकामी, कुलपात, डिकीत. वाटेतल्या प्रत्येक राज्याचे नियम आधी वाचा.

पक्षी पडला की आधी परवान्यावर शिकारीची नोंद (टॅग) करा, मग पक्षी हलवा, आणि टेलिचेक या राज्याच्या व्यवस्थेत ऑनलाइन नोंद करा. घरी पोचेपर्यंत नर ओळखू येईल अशी खूण मांसासोबत राहू द्या. बेकायदा मारलेला पक्षी राज्याबाहेर नेला तर १९०० चा लेसी कायदा लागतो आणि प्रकरण संघराज्याकडे जातं. मांस लवकर गार करा. छातीचं मांस पटकन कोरडं पडतं, ते कमी शिजवा. तंगड्यांत कडक शिरा असतात. तंगड्या टाकून देणारे बरेच भेटतील, पण कांदा-खोबऱ्याच्या वाटणात कुकरला भरपूर शिट्ट्या दिल्या तर मांस हाडापासून सुटतं. विमानाने आणायचं असेल तर मांस गोठवून घ्या. ड्राय आइस माणशी साडेपाच पौंडांपर्यंत चालतो, तोही वाफ बाहेर जाईल अशा खोक्यात आणि विमान कंपनीला आधी कळवून.