रेडिंगमधून दिसणारा नागपूरचा वळवाचा पाऊस

नागपूरच्या पहाटे साडेपाचच्या नोंदीसाठी सोनेगावहून सोडलेला फुगा तापमान, आर्द्रता आणि वारा मोजत वर चढतो. थोड्याच वेळात ते आकडे इंग्लंडमधल्या रेडिंगच्या युरोपीय हवामान अंदाज केंद्राकडे पोचलेले असतात. केंद्राचं मुख्यालय इथे रेडिंगला, महासंगणक इटलीत बोलोन्याला. इतक्या लांबून आपल्याकडचा पाऊस कसा कळतो, हा घरून हमखास येणारा प्रश्न. त्याहून मोलाचा प्रश्न म्हणजे अंदाज चुकतो कुठे.

मॉडेल, म्हणजे पुढचं हवामान गणितानं काढणारा संगणक-कार्यक्रम, कुठलीही नोंद डोळे मिटून घेत नाही. आधीच्या रननं, म्हणजे मॉडेलच्या आधीच्या फेरीनं, त्या वेळेसाठी काय सांगितलं होतं, त्याच्याशी ती ताडली जाते. फरक अवाजवी असेल तर बाजूला. मे 2024 मध्ये ऐन नवतप्यात नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले होते, ते उपकरणाच्या बिघाडामुळे. असा आकडा चाळणीत अडकतोच. खरी भीती रोज दीड-दोन अंश जास्त दाखवणाऱ्या केंद्राची. जमिनीपासून 2 मीटरवरच्या तापमान-आर्द्रतेवरून मॉडेल मातीतला ओलावा दुरुस्त करतं. केंद्र सतत तापलेलं दिसलं की मॉडेलला काळी माती आहे त्याहून कोरडी वाटते, आणि अंदाजातलं उद्याचं कमाल तापमान आणखी चढतं. म्हणून एकेका केंद्राच्या फरकाचा महिनोन्महिन्यांचा हिशेब ठेवावा लागतो.

आता पाऊस. मॉडेल जमिनीचे चौकोन पाडून हिशेब करतं. युरोपीय केंद्राच्या मॉडेलचा चौकोन सुमारे 9 किलोमीटरचा, म्हणजे अख्खं नागपूर शहर जेमतेम तीन चौकोनांत बसतं. वळवाचा एकेक ढग त्याहून लहान असू शकतो. तो मॉडेलला दिसत नाही. चौकोनातल्या सरासरी उष्णतेवरून आणि बाष्पावरून त्याचा अदमास बांधला जातो. या अदमासाची जुनी खोड म्हणजे पाऊस भर दुपारी पाडणं. जमीन तापली की हवा अस्थिर झाली, अस्थिर झाली की पाऊस, असं ते सरळ गणित होतं. प्रत्यक्षात सकाळची उष्णता आधी जमिनीलगतचा हवेचा थर जाड करण्यात खर्ची पडते, आणि गडगडाट येतो संध्याकाळी. 2013 मध्ये हा खर्च वजा करण्याची सोय झाली, तेव्हा पाऊस काही तास पुढे सरकला. चौकोन तोच, फक्त कारण नीट मांडलं. अशी सुधारणा सर्वात समाधान देणारी.

चौकोन लहान करणं महाग पडतं. बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, मॉडेल वेळेत ज्या पावलांनी पुढे सरकतं तीही दुप्पट. एकूण काम आठपट. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं उभारलेली आणि मे 2025 मध्ये सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टीम 6 किलोमीटरवर चालते, ही मोठी मजल आहे.

स्वतः डब्ल्यूआरएफ हे हवामान मॉडेल चालवून पाहणाऱ्यांनी 27, 9 आणि 3 किलोमीटरच्या चौकोनांच्या एकात एक चौकटी घ्याव्यात. नागपूर मधोमध ठेवावं आणि सातपुडा चौकटीच्या कडेला कापला जाऊ नये. सीमेजवळचे आकडे बिघडलेले असतात. वेळेचं पाऊल किलोमीटरमागे 6 सेकंदांपर्यंत, म्हणजे 3 किलोमीटरला 18. मे महिन्यातल्या जोरदार ढगात हवा इतक्या वेगानं वर जाते की तेही जास्त ठरतं आणि रन कोसळतो. मग 12 वर यावं. 3 किलोमीटरच्या चौकटीत ढगांचा अदमास बंद करावा, कारण तिथे मॉडेल मोठे ढग स्वतः उभे करू लागतं. आणि पहिले 6 ते 12 तास सोडून द्यावेत, तेवढ्यात मॉडेल सावरतं.

एवढं करून अंदाज प्रत्यक्ष पावसाशी ताडला, तर त्याचे गुण कमीच दिसतील. मॉडेलमधला पाऊस नागपूरजवळच्या काटोलऐवजी कळमेश्वरला पडला, तर बिंदूबिंदूची तुलना दोनदा दंड करते: काटोलला चुकला म्हणून आणि कळमेश्वरला पाडला म्हणून. त्यापेक्षा 30-40 किलोमीटरच्या परिसरात किती भागावर पाऊस झाला, हे ताडणं न्याय्य. शिवाय मॉडेलमधली एक चूक काढली की अंदाज कधी कधी आणखी बिघडतो, कारण दोन चुका एकमेकींना झाकत होत्या. म्हणून एका वेळी एकच बदल, आणि तोही उन्हाळा-पावसाळा दोन्हींवर तपासून.

तपासायला मात्र नोंदी हव्यात. सकाळी साडेआठला मोजलेला 24 तासांचा एकच आकडा पाऊस चारला आला की सातला, हे सांगत नाही. दर 15 मिनिटांना नोंद करणारं पर्जन्यमापक ते सांगतं.