चार कुलपं आणि एक बोल्ट

मिशिगनमध्ये उन्हाळा लागला की हायवेवरच्या निम्म्या गाड्यांच्या पाठीवर सायकली चढतात आणि उरलेल्या निम्म्या बोटी ओढायला लागतात. आम्ही डेट्रॉइटच्या आसपासची मराठी मंडळी यात जरा उशिरा सुधारलो. आमच्यात ‘अप नॉर्थ’, म्हणजे राज्याच्या उत्तर भागातली सहल, याचा अर्थ गाडीत माणसं, कूलर, कुकर आणि चटया कोंबायच्या आणि निघायचं. पण या वेळी मॅकिनॉ बेटावर जायचं होतं, आणि तिथे स्वतःची सायकलच हवी असं लेकीने जाहीर केलं.

तिचं अगदीच चूक नव्हतं. या बेटावर 1898 पासून मोटारींना बंदी आहे. किनाऱ्याकिनाऱ्याने बेटाला वेढा घालणारा एम-185 हा रस्ता साधारण आठ मैलांचा. कागदोपत्री तो राज्य महामार्ग, पण अँब्युलन्ससारखे अपवाद सोडले तर त्यावर फक्त सायकली, घोडे आणि पायी चालणारी माणसं. सायकली तिथे भाड्याने मिळतात, हे मी वेळेवर सांगितलं होतं. नवऱ्याने फोनवर भाड्याचा हिशेब करून दाखवला आणि त्याच संध्याकाळी कुणाकडून तरी चार सायकलींचा सेकंडहँड रॅक साठ डॉलरला उचलून आणला. मग त्या रॅकसाठी कुलपं आणली. रॅक गाडीला अडकवणारी कुलूपवाली पिन, सायकलींमधून ओवायची केबल, एक जाडजूड साखळी आणि एक यू-लॉक. कुलपांचं बिल रॅकपेक्षा जास्त झालं, पण ते हिशेबात धरायचं नसतं म्हणे.

सांगलीहून बाबा, म्हणजे माझे सासरे, आलेले होते. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी फिटर म्हणून आयुष्य काढलंय. त्यांच्यासाठी शेजाऱ्यांची सायकल मागून आणली. आदल्या रात्री सायकली चढवताना नवऱ्याने त्यांना हात लावू दिला नाही. "बाबा, तुम्ही बसा, हे सोपं असतं." बाबा गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसले आणि चहा पीत बघत राहिले. एक अक्षर बोलले नाहीत. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सकाळी निघालो. बेटाची बोट मॅकिनॉ सिटीहून सुटते. तिथपर्यंत साधारण 270 मैल, जवळजवळ सगळे आय-75 या हायवेवरून सरळ उत्तरेला. फ्लिंटपर्यंत धपाटी आणि दही झालं. सॅगिनॉच्या जरा पुढे झिलवॉकीचा पूल लागतो. पूर्वी तिथे उघडझाप करणारा पूल होता आणि नदीतून जहाज निघालं की अख्खा हायवे थांबायचा. म्हणून 1988 साली हा नवा पूल पुरा केला, नदीपासून 125 फूट उंच. चढावर वारा थेट कुशीत बसतो. मागच्या सीटवर बसलेले बाबा वळून काचेतून बघत होते.

"अरे, ह्या सायकली नाचायला लागल्यात की मागं!"

"थोडं हलतंच बाबा ते. डिझाइनच तसं असतं."

मी आरशात बघितलं. मागच्या काचेत चार हँडलं आणि एक गुलाबी टोपली, त्यामुळे मागची गाडी दिसत नव्हती. पण टोपली डावीकडे जाऊन परत उजवीकडे येत होती, आणि ती येताना काहीतरी वाजत होतं. पंचाहत्तरच्या स्पीडला असलं काही ऐकलं की धपाटं घशात अडकतं. लेक मात्र खूश होती. तिची सायकल सगळ्यात मागे, सगळ्यात जास्त नाचणारी.

पुढच्या रेस्ट एरियात गाडी लावली. नवरा उतरला आणि एकेक कुलूप ओढून दाखवायला लागला. हे बघा, घट्ट. हे पण घट्ट. केबल, साखळी, सगळं जागच्या जागी. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग वाकून रॅकचा उभा खांब वरच्या टोकाला धरून हलवला. टक. परत हलवला. टक.

"ही कुलपं चोरासाठी झाली. खड्ड्यासाठी काय लावलंयस?"

यावर नवऱ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मिशिगनच्या रस्त्यांवर खड्डा हा प्रश्न चोरापेक्षा जास्त वेळा येतो.

भानगड अशी होती. बंपरच्या खाली हिचचं, म्हणजे ट्रेलर जोडायच्या लोखंडी जोडणीचं, चौकोनी तोंड असतं, आमच्या गाडीला दोन इंची. रॅकची चौकोनी नळी त्याच्या आत सरकते. पण आत सरकायची म्हणजे ती किंचित लहान असणारच, आणि त्या मिलिमीटरभर फटीत रॅक डुलतो. फट हिचपाशी मिलिमीटरची असते. तीन फूट वर, सायकलीच्या हँडलपाशी, ती वीतभर होऊन दिसते. आडवी घातलेली पिन रॅकला मागे निसटू देत नाही, एवढंच तिचं काम. डुलणं तिच्या अखत्यारीत येत नाही.

"रॅकबरोबर काय आलं होतं?" बाबांनी विचारलं.

"एक बोल्ट होता." मग जरा वेळाने, "त्याला कुलूप नव्हतं, म्हणून मी ही पिन घातली."

बाबांनी कपाळाला हात लावला नाही, एवढाच काय तो संयम. तो बोल्ट म्हणजे सगळ्या रॅकचा जीव. हिचच्या भोकातून आत जाऊन तो नळीतल्या नटमध्ये फिरतो आणि आवळत नेला की नळीला खेचून हिचच्या एका भिंतीला चिकटवून टाकतो. मग फट उरतच नाही. पिन गुळगुळीत, ती कशाला काय खेचणार?

बोल्ट होता. प्लास्टिकच्या पिशवीत, स्प्रिंग वॉशरसकट, डिकीत. आणि डिकी उघडत नव्हती, कारण डिकीच्या दाराला टेकून चार सायकली होत्या. बोल्ट आवळायला पाना हवा, तो स्टेपनीजवळ. स्टेपनी डिकीच्या तळाशी. स्टेपनीवर तळाची फळी, फळीवर कूलर, कूलरवर चटया, चटयांवर माझी बॅग आणि कुकर. लेकीला मागच्या सीटवरून पलीकडे उतरवलं आणि ती एकेक वस्तू वरून माझ्या हातात देत गेली. रेस्ट एरियातल्या हिरवळीवर आमचा संसार मांडला गेला. शेजारच्या गाडीतल्या बाईंनी कुकरकडे बघून अतिशय सभ्यपणे मान फिरवली.

चाकाच्या नटांचा पाना त्या बोल्टच्या डोक्याला बसला, हे आमचं नशीब. सायकली न उतरवता पिन काढू, असं नवऱ्याचं मत. "पिन काढली की हे धूड पायावर येईल," असं बाबांचं. सायकली उतरल्या. चारही कुलपं उघडण्यात किती वेळ गेला ते विचारू नका. दोन किल्ल्या दिसायला सारख्या होत्या.

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. पाना नवऱ्याच्या हातात, बाबांचे दोन्ही हात रॅकच्या टोकाला. "तू आवळ, मी हलवतो." नवरा आवळायचा, बाबा खांब डावीउजवीकडे झुलवायचे, की मघाचं ते टक वाजायचं. परत आवळणं, परत झुलवणं. नुसतं आवळलं तर नळी वाकडीच अडकते, बोल्टला वाटतं आपण पोहोचलो. हलवत आवळलं की ती सरकत सरकत भिंतीला बसते. टक बारीक होत गेलं. मग एका क्षणी बाबांनी खांब हलवला आणि रॅकऐवजी अख्खी गाडी हलली. "बास," बाबा म्हणाले आणि रुमालाने हात पुसायला लागले. नवऱ्याच्या कपाळावर घाम, हाताला वंगण, आणि चेहऱ्यावर मी लग्नाआधी पाहिलेला एक भाव होता. पोरगा वर्कशॉपमध्ये वडिलांचा डबा घेऊन आल्यासारखा दिसत होता.

सायकली परत चढवताना हुकूमत बाबांकडे गेली होती. जड सायकल गाडीच्या बाजूला, हलकी बाहेर. एकीचं हँडल डावीकडे, दुसरीचं उजवीकडे, म्हणजे पेडलं एकमेकींच्या आऱ्यांत घुसत नाहीत. माझ्या सायकलीला वरचा दांडा नाही, ती आदल्या रात्री तिरकी लटकवलेली होती. तिला सीटपासून हँडलपर्यंत आडवा दांडा लावायचा असतो, आणि तो दांडाही त्याच पिशवीत होता. लेकीच्या सायकलीचं चाक सायलेन्सरच्या तोंडासमोर येत होतं, गरम धुराने टायर गेला असता. ती दोन वीत वर घेतली.

शेवटी बाबांनी दोरी मागितली. लहानपणी कडब्याची गाडी भरल्यावर वरून कासरा टाकून आवळायचे तसं त्यांना करायचं होतं. दोरी नव्हती, नवऱ्याचा रॅचेटचा पट्टा होता, न फोडलेल्या पाकिटात. बाबांनी तो सायकलींच्या दांड्यांमधून काढून खाली हिचच्या कानात ओवला, ट्रेलरची साखळी अडकवायला असतो त्या कानात. म्हणजे उद्या रॅकचा एखादा हात तुटला तरी सायकल रस्त्यावर पडणार नाही. हे चालू असताना बोट ओढणाऱ्या ट्रकमधला एक म्हातारा कॉफी घेऊन उभा होता. जाता जाता म्हणाला, पट्ट्याला एक पीळ दे, नाहीतर वाऱ्यात गुणगुणत राहील. बाबांना इंग्रजी फारसं येत नाही, पण त्या माणसाने बोटांनी केलेली खूण त्यांना लगेच कळली. पीळ दिला. दोघांनी एकमेकांना मान हलवली. माझ्याशी इथली माणसं हवामानाबद्दल बोलतात. बाबांशी पहिल्या भेटीत कामाचं बोलली, याचा मला जरा हेवाच वाटला.

पुढे गेलॉर्डजवळ 45 व्या अक्षांशाची पाटी लागते, विषुववृत्त आणि उत्तर ध्रुवाच्या जवळजवळ मध्यावर. आम्ही तिघं पाटीबद्दल बोलत होतो. बाबांना पुढच्या एक्झिटला थांबून बोल्ट बघायचा होता. पाव फेरा आणखी बसला. "थोडा चालला की सैल पडतोच, परत बघायचा असतो," म्हणाले. यानंतर टक ऐकू आलं नाही.

बेटाबद्दल सगळे लिहितात, मी थोडक्यात आवरते. पाणी खरोखर तसं निळं आहे. गर्दी बोटीच्या धक्क्याजवळच्या रस्त्यावर भयंकर, आणि सायकलवर दहा मिनिटं पुढे गेलं की नाहीशी होते. घोड्यांचा वास सगळीकडे, तो कोणत्याच जाहिरातीत नसतो. 1887 च्या ग्रँड हॉटेलचा तो प्रसिद्ध 660 फुटी व्हरांडा बघायलाही पैसे पडतात, ते मी दिले नाहीत आणि मला पश्चात्ताप नाही. फज नावाच्या तिथल्या मिठाईचा बाबांनी एक तुकडा खाल्ला आणि कंदी पेढ्याची चौकशी केली. एम-185 ची पूर्ण फेरी मात्र त्यांनी आमच्या आधी मारली.

दिवसभर नवऱ्याला एकच काळजी: बोल्टला कुलूप नाही, पलीकडे पार्किंगमध्ये रिकामा रॅक कुणी नेला तर? त्यासाठी सकाळी बाबांनीच ती जाडजूड साखळी रॅकच्या खांबातून आणि हिचच्या कानातून काढून कुलूप घातलं होतं. हे त्याने बेटावर मला निदान तीनदा सांगितलं, स्वतःला धीर द्यायला. संध्याकाळी रॅक जागेवर होता.

आता मंडळातली मंडळी हा रॅक मागायला येतात. सगळे किल्ल्या मोजून घेतात. बोल्टबद्दल मी सांगायला लागले की "हो हो, यूट्यूबवर बघतो" म्हणतात. मागच्या महिन्यात एका कुटुंबाने रॅक अगदी स्वच्छ पुसून परत आणला, वर चिवड्याचा डबा. स्प्रिंग वॉशर मात्र आला नाही. हार्डवेअरच्या दुकानात तो डॉलरच्या आत मिळतो, हे मला माहीत आहे. तरी मी त्यांना दोनदा मेसेज केलाय.